रिंगणाच्या दारापर्यंतचे काम

आमच्या मुलीने घोड्यावरून अडथळे पार करण्याच्या स्पर्धेत उतरायचे ठरवले, तेव्हा घरात घोडेस्वारी येणारी ती एकटीच होती. मी, माझी पत्नी आणि धाकटा मुलगा असे तिघे नुसते मदतीला होतो. काही हंगाम गेल्यावर आता एवढे ठामपणे सांगता येते की, उड्या मारायला प्रशिक्षक शिकवतो. पण घोडा शांत आणि स्वार निश्चिंत अशा अवस्थेत दोघांना रिंगणाच्या दारापर्यंत पोहोचवणे हे कुटुंबाचे काम आहे आणि ते आपले आपल्यालाच शिकावे लागते.

दुसऱ्याच स्पर्धेत माझ्या हातून मोठी चूक झाली. पाचवा अडथळा पार करून मुलगी डावीकडे वळली आणि कठड्याशी उभा असलेला मी न राहवून ओरडलो, "उजवीकडे, उजवीकडे घे!" लगेच घंटा वाजली. स्वाराला बाहेरून मिळालेली मदत नियमबाह्य असते, त्यामुळे पंचांनी तिला बाद केले. बाहेर आल्यावर ती काही बोलली नाही. खाली उतरून तिने आधी घोडीचा तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, सैल केला. तो क्षण मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक स्पर्धेची नियमावली आठवडाभर आधी सगळे मिळून वाचतो, कारण आयोजकांनुसार तपशील बदलू शकतात. अडथळ्याची दांडी पडली की चार दोष (दंडाचे गुण), अडथळ्याची लाल झेंडी उजव्या हाताला आणि पांढरी डाव्या हाताला ठेवूनच उडी घ्यायची, आणि सुरुवातीची घंटा होण्याआधी आरंभरेषा ओलांडून पहिली उडी घेतली तर थेट बाद, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे.

फेरीपूर्वी स्वारांना मार्ग पायी पाहू देतात. ही संधी घाईत उरकू नये. मुलगी साधारण ९० सेंटिमीटरचे एक पाऊल टाकायची सवय घरीच करते. अशी चार पावले म्हणजे मोठ्या घोड्याची कँटरमधली (मध्यम वेगाच्या दौडीतली) एक ढांग, सुमारे ३.६ मीटर. दोन अडथळ्यांमध्ये वीस पावले भरली, तर पहिल्या उडीनंतर जमिनीवर येण्याची दोन आणि पुढची उडी घेण्याची दोन वजा करून सोळा उरतात, म्हणजे चार ढांगा. लहान चणीच्या घोड्याची ढांग आखूड असते, त्यामुळे हा हिशेब आपल्या घोड्यावर ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

सर्वांत जास्त काळजी पाण्याची घ्यावी, असे माझे मत आहे. परक्या जागेचे पाणी अनेक घोडे तोंडातही घेत नाहीत, आणि प्रवासात पाणी कमी पडले की पोटशूळाचा धोका वाढतो. घोड्याला उलटी होऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्या पोटाचे दुखणे कधीही किरकोळ समजू नये. आम्ही रोजच्या तबेल्यातले पाणी कॅनमधून बरोबर नेतो आणि बादलीवर आतून रेघ मारलेली असल्याने घोडी किती प्यायली हे धाकटा नेमके सांगू शकतो. हे काम त्याने स्वतः मागून घेतले. एकदा दुपारपर्यंत पाणी रेघेखाली गेलेच नाही, हे त्यानेच सर्वांच्या आधी सांगितले आणि आम्ही वेळेवर पशुवैद्यांना बोलावू शकलो.

सरावाच्या मैदानात समोरून येणारा स्वार आपल्या डाव्या बाजूने जाईल असे जायचे असते आणि शेपटीला लाल फीत बांधलेल्या घोड्यापासून लांब राहायचे असते, कारण तो लाथ मारतो. तिथे फार लवकर गेले तर घोडा दमतो, उशिरा गेले तर अंग मोकळे होत नाही. म्हणून पत्नी दाराशी उभी राहून पुढे किती स्पर्धक उरले आहेत ते मोजत असते. प्रत्येकाला सुमारे दोन मिनिटे धरली, तर दहाजण शिल्लक असताना मुलीने खोगिरावर बसावे, हे गणित आम्हाला मानवते.

मागच्या स्पर्धेत पुन्हा असेच एक अवघड वळण होते. मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून गप्प उभा राहिलो. ती क्षणभर थबकली, मग आपणहून योग्य बाजूला वळली. शेवटच्या अडथळ्याची एक दांडी मात्र पडली. बाहेर येताच तिने तंग सैल केला आणि म्हणाली, "बाबा, बादली आणा." घोडीने पाण्यात तोंड घातले आणि पाणी रेघेखाली जाईपर्यंत वर काढले नाही.