फ्रेमवर्क लॅपटॉपचा मदरबोर्ड घरच्या घरी कसा बदलावा

सुटे भाग बदलता येणाऱ्या लॅपटॉपचा खरा फायदा रॅम वाढवण्यात नाही. ते काम अनेक साध्या लॅपटॉपमध्येही होते. काही वर्षांनी प्रोसेसर कमी पडू लागला, तर स्क्रीन, कीबोर्ड आणि बॅटरी तशीच ठेवून केवळ मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर असलेला मुख्य बोर्ड, नवा बसवता येणे, हा तो फायदा होय. फ्रेमवर्क कंपनीच्या २०२१ साली आलेल्या १३ इंची लॅपटॉपमध्ये पुढच्या पिढ्यांचे बोर्डही बसतात.

बोर्ड मागवण्यापूर्वी रॅमचा प्रकार तपासावा. इंटेलच्या ११व्या ते १३व्या पिढीच्या बोर्डांना डीडीआर४ रॅम लागते, तर एएमडीच्या रायझन ७०४० मालिकेच्या बोर्डाला डीडीआर५. त्यामुळे इंटेलकडून एएमडीकडे वळणाऱ्याने रॅमचा खर्चही हिशेबात धरावा. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता शोषणारा भाग) मात्र नव्या बोर्डासोबतच येतात.

त्यानंतर बॅकअप घ्यावा. विंडोज वापरणाऱ्यांनी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधील डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण डिस्कचे कुलूप जुन्या बोर्डाशी बांधलेले असते आणि बोर्ड बदलताच ती की मागितली जाते. अनेक लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत सुरू झालेले असते, म्हणून ‘आपल्याकडे ते नसेलच’ असे गृहीत धरू नये.

आता लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर आणि चारही एक्स्पान्शन कार्डे (कडेची, पोर्ट असलेली सुटी कार्डे) काढावीत. तळाचे पाच स्क्रू सोबत मिळालेल्या स्क्रूड्रायव्हरने सैल करावेत. ते निसटून पडत नाहीत, त्यामुळे ओढून काढण्याच्या भरीस पडू नये. लॅपटॉप सुलटा करून कीबोर्डचा भाग अलगद उचलावा, पण झटका देऊ नये, कारण तो एका चपट्या केबलने बोर्डाला जोडलेला असतो. त्या केबलची पट्टी सरळ वर ओढली की ती सुटते. यानंतर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी काढावी, मगच बाकीच्या केबलना हात लावावा. त्याआधी सगळ्या जोडण्यांचा एक फोटो काढून ठेवावा.

जुना बोर्ड काढून नवा बसवताना सर्वांत नाजूक काम वायफायच्या अँटेनांचे. त्यांची बारीक गोल टोके वायफाय कार्डावर नेमकी मध्यभागी टेकवून बोटाने दाबावीत. ‘टक्’ असे जाणवले नाही, तर पुन्हा उचलून बसवावीत, जोर लावू नये. एसएसडी आणि रॅम बसवणे त्यामानाने सोपे आहे.

डीडीआर५ रॅम बसवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटे काळीच राहू शकते. त्या वेळात प्रोसेसर रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून पॉवरचे बटण दाबू नये.

जुना बोर्ड टाकून देऊ नये. नव्या बोर्डाला डीडीआर५ लागत असेल, तर जुनी डीडीआर४ रॅम त्यावरच राहू द्यावी, एक एसएसडी लावावी आणि यूएसबी-सी चार्जर व मॉनिटर जोडावा, म्हणजे तो बॅटरीविना छोटा संगणक म्हणून चालतो. त्यासाठी बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) स्वतंत्र वापराचा पर्याय बोर्ड लॅपटॉपमधून काढण्याआधीच चालू करून ठेवलेला बरा.