घरच्या घरी ८ एमएम फिल्म डिजिटल करायचा सेटअप

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं जुन्या कपाटात आजोबांच्या ८ एमएम रिळा असतील तर यंदाच काढा, आपल्याकडचा पावसाळ्यातला दमटपणा फिल्मला लई वाईट. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचं प्लास्टिक, म्हणजे ॲसिटेट, सडायला लागलंय, ती रीळ पहिली घ्या आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा. जुन्या प्रोजेक्टरवर मात्र चालवून बघू नका, आकसलेली फिल्म भोकांवरच फाटते.

आधी प्रकार ओळखा. रेग्युलर ८ ची भोकं मोठी, दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर, आणि १९६५ ला आलेल्या सुपर ८ ची बारीक, फ्रेमच्या मध्यासमोर. गेट, म्हणजे फ्रेम जागेवर धरणारी खिडकी, त्यानुसार लागतं.

पद्धत साधी, गेटमधल्या फिल्मला खालून उजेड द्यायचा आणि डिजिटल कॅमेऱ्यानं एकेका फ्रेमचा फोटो काढायचा. खरी गोम लेन्समध्ये आहे. सुपर ८ ची फ्रेम जेमतेम ५.८ मिमी रुंद, त्यामुळं साधी १:१ मॅक्रो लेन्स (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटवणारी) पुरत नाही, फ्रेम सेन्सरच्या कोपऱ्याएवढी दिसते, म्हणून कॅमेरा आणि लेन्सच्या मधी पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, लावून मोठं करा, पैसे इथंच घाला. खाली ९५ च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला एलईडी, त्यावर दुधी ॲक्रिलिक. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, शटर इलेक्ट्रॉनिक, नाहीतर धक्क्यानं फोटो हलतो.

५० फुटी सुपर ८ रिळीत साधारण ३६०० फ्रेम, म्हणून हातानं सरकवण्यापेक्षा स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यानं फिरणारी) जोडा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, मग दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये इमेज सिक्वेन्स (ओळीनं लावलेल्या फोटोंचा व्हिडिओ) म्हणून घ्या, सुपर ८ ला सेकंदाला १८ फ्रेम, रेग्युलरला १६.

मूळ रीळ टाकू नका, कोरड्या थंड जागी ठेवा.