निवड चाचणीआधी मुलाचे वय महिन्यांत मोजा

अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी त्याच्या खेळाची कटऑफ तारीख, म्हणजे वयोगट ज्या दिवसापासून मोजतात तो दिवस, विचारून घ्यावी. भारतीय क्रिकेटच्या वयोगटांत ती साधारणतः १ सप्टेंबर असते, तर फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १ जानेवारी. म्हणजे क्रिकेटच्या एकाच वर्षाच्या तुकडीत ५ सप्टेंबरला जन्मलेला मुलगा पुढच्या २८ ऑगस्टला जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ बारा महिन्यांनी थोरला असतो आणि तेराव्या वर्षी हे अंतर उंचीत, खांद्यांत, चेंडूच्या वेगात दिसते. निवडकर्त्याला तीच गुणवत्ता वाटते. निवडलेल्याला चांगले प्रशिक्षण आणि जास्त सामने मिळतात, आणि वयाचा फरक हळूहळू खरोखरच कौशल्याचा होऊन बसतो. कॅनडाच्या आइस हॉकीत, जिथे गणना १ जानेवारीपासून होई, वर्षारंभी जन्मलेल्यांचा असा भरणा रॉजर बार्नस्ली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिला.

प्रशिक्षकांनी हजेरीपटात प्रत्येकाचे चाचणीच्या दिवशीचे वय '१२ वर्षे ११ महिने', '१२ वर्षे १ महिना' असे लिहावे. मात्र तेवढ्यावर थांबू नये. नेदरलँड्समधील एका प्रयोगात निवडकर्त्यांना नुसत्या जन्मतारखा देऊन त्यांचा थोरल्यांकडचा कल बदलला नाही. जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमाने लावले तेव्हा तो नाहीसा झाला. बडोद्यातल्या कोणत्याही मैदानावर हे बिनखर्चात करता येते: सर्वांत थोरल्याला १ क्रमांक, मग उतरत्या वयाने पुढचे.

गावाच्या आकाराची बाब थोडी निराळी आहे. अमेरिका-कॅनडातील व्यावसायिक खेळाडूंच्या २००६ च्या अभ्यासात पाच लाखांहून कमी वस्तीच्या गावांतून प्रमाणापेक्षा जास्त खेळाडू आलेले आढळले. २०११ च्या जनगणनेत बडोदे सोळा लाखांपुढे होते, पण म्हणून मुलाला गावी धाडण्याचे कारण नाही (आजीला ते आवडले असते, ही गोष्ट वेगळी). लहान गावात मोकळी जागा, थोरल्यांबरोबर विनाशिस्तीचा खेळ आणि संघात लवकर मिळणारी जागा असते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. हे शहरातही जुळवता येते. इरफान आणि युसूफ पठाण बडोद्यातील मशिदीच्या आवारात खेळत वाढले. दोघांचे जन्म अनुक्रमे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे आहेत, परंतु दोन नावांवरून नियम काढू नये. अकादमीच्या वेळेखेरीज आठवड्यातील काही संध्याकाळी मुलाला वाड्यातल्या वा सोसायटीतल्या मिश्र वयाच्या पोरांत, प्रशिक्षकाविना खेळू द्यावे.

ऑगस्टमध्ये जन्मलेल्याला पहिल्या चाचणीत वगळले तर नाव काढून न घेता पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावे. जन्मतारीख पुढे ढकलण्याच्या फंदात मात्र पडू नये. क्रिकेटमध्ये मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय तपासले जाते.