पोत्यात तेल वाढत नाही: ऑलिव्हच्या तोडणीत आणि गाळपात या चुका टाळा

इटलीतल्या टस्कनीत ऑक्टोबरच्या मध्यापासून घाण्यांपुढे गाड्या लागायला सुरुवात होते. डिकीत चार पोती, पोत्यांच्या तळाला ओल, आणि मालकाचा पहिला प्रश्न एकच: "रेझा किती?" रेझा म्हणजे उतारा, शंभर किलो फळामागे किती किलो तेल. पोत्याला नाक लावून बघावं, असं फार थोड्यांना सुचतं.

एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे ऑलिव्ह तेलाचा सगळ्यात वरचा वर्ग, ठरायला युरोपीय नियमांप्रमाणे मुक्त आम्लता 0.8 टक्क्यापर्यंत, पेरॉक्साइडचा आकडा (तेल किती खवटू लागलंय याचं माप) 20 पर्यंत, शिवाय प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या पॅनेलला दोष शून्य आणि फळाचा स्वाद हजर, असं सगळं लागतं. प्रयोगशाळेतून आम्लता 0.4 आली की लोक निर्धास्त होतात. मग तेल नुसत्या कुबट वासापायी खालच्या वर्गात जातं.

फळं साठवणं

ही चूक दरवर्षी होते, आणि तिच्यामागे बहुतेक वेळा किलोचं गणित असतं. झाडं साठ, माणसं दोन. हातातल्या छोट्या दाताळ्यानं दिवसभर ओढून दीडेकशे किलो निघतात. तुमचाच माल वेगळा गाळून हवा तर घाणेवाला किमान वजन सांगतो, बऱ्याच ठिकाणी ते 200 ते 300 किलो असतं. म्हणून शनिवारची फळं रविवारच्या फळांची वाट बघतात. रविवारी दुपारी पाऊस येतो. सोमवारी घाण्यावर रांग. मंगळवारी पोतं उघडलं की मधली फळं कोमट लागतात, तळाला तपकिरी पाणी साचलेलं असतं आणि आंबूस वास येतो. गंमत म्हणजे तेल सहज सुटतं, कारण फळ आतून मऊ पडलेलं असतं. उतारा बघून मालक खूश. पॅनेलपुढे हेच तेल पहिल्या घोटाला बाद.

तोडलेलं फळ श्वास घेत असतं. ढीग लावला की ऊब धरते. आंब्याच्या अढीत हात घातलेल्याला हे सांगायला नको. अढीत ती ऊब हवी असते, इथे ती मारक ठरते. दाबलेल्या फळातली विकरं तेलाचे रेणू तोडतात, आम्लता चढते. हवा न मिळालेल्या मधल्या थरात आंबणं सुरू होतं. या दोषाला इटालियनमध्ये 'रिस्काल्दो' म्हणतात, म्हणजे तापणं. एकदा तेलात उतरला की गाळून, निवळून, काही करून तो जात नाही.

ढिगात ठेवल्यानं तेल वाढतं, हा समज दोन हजार वर्षांहून जुना. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर लिहिणाऱ्या रोमच्या केटोनं तो खोडून काढला होता, आणि गाळणाऱ्या मजुरांना फळ कुजवायला का आवडतं तेही सांगितलं होतं: काम हलकं होतं म्हणून. पुढे कोलुमेला या दुसऱ्या रोमन शेती-लेखकानं लिहिलं की हे म्हणजे खळ्यावर धान्य वाढतं म्हणण्यासारखं आहे.

उपाय साधा, पण अधीर माणसाला उलटा वाटतो. आधी घाण्याची वेळ ठरवा, मग झाडाला हात लावा. एकट्याचं वजन भरत नसेल तर शेजाऱ्याबरोबर एकाच दिवशी तोडा आणि एकत्र गाळा. पोती वापरूच नका. जाळीदार, वीसेक किलोचे क्रेट आणा, ते सावलीत ठेवा. सकाळी तोडलेलं संध्याकाळी घाण्यात जावं. 24 तास ही शेवटची हद्द समजा. निघण्यापूर्वी क्रेटच्या मध्यात हात घालून बघायची सवय लावा. ओली फळं तोडूच नका.

आपल्याकडे लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाशी याची तुलना होते. ती फसवी आहे. शेंगदाणा सुकं बी आहे, नीट वाळवला तर महिनेन्‌महिने थांबतो. ऑलिव्ह रसाळ फळ आहे, ते थांबत नाही.

उताऱ्यासाठी गरम करणं

दळल्यावर लगदा संथपणे ढवळतात, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात. त्याला 30 ते 40 मिनिटं पुरतात. तापमान 27 अंशांखाली राहिलं तरच बाटलीवर 'कोल्ड एक्स्ट्रॅक्शन' (थंड गाळप) लिहिता येतं. बाहेर रांग वाढली की ढवळायच्या भांड्याभोवती फिरणाऱ्या पाण्याची उष्णता चढवली जाते: लगदा सैल होतो, तेल लवकर सुटतं. पण कापलेल्या गवताचा, हिरव्या टोमॅटोच्या पानाचा तो वास ज्या विकरांमुळे तयार होतो, ती उष्णतेनं मंदावतात आणि तयार झालेला गंध उडून जातो. तापमापकाचा आकडा लगद्याचा आहे की बाहेरून फिरणाऱ्या पाण्याचा, हे विचारून घ्या. विचारायला लाजू नका, तेल तुमचं आहे. लगदा पाणचट असेल तर जाणकार घाणेवाला 1-2 टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) घालतो, तेल सोडवायला वरून पाणी ओतत नाही; ओतलेलं पाणी कडवट गुणकारी द्रव्यं धुऊन नेतं.

हिशेबही करून बघा. 300 किलोला 12 टक्के उतारा म्हणजे 36 किलो, सुमारे 39 लिटर. 14 टक्के पडला तर साधारण 46. या सात लिटरांसाठी बाकीचे 39 बिघडवायचे का?

फळं पूर्ण काळी होण्याची वाट बघणंही याच हावरेपणाचं भावंड. उशिरा उतारा वाढलेला दिसतो, पण त्यात मोठा वाटा फळातलं पाणी उडाल्याचा असतो. फ्रान्तोयो, मोरायोलो या जाती अर्ध्या हिरव्या, अर्ध्या जांभळ्या असतानाच तोडा. तोवर एखादी कडाक्याची रात्र येऊन फळं गोठली, तर तो वेगळाच दोष.

बाकीचे, थोडक्यात

जमिनीवर आधीपासून पडलेली फळं नव्या मालात मिसळू नका.

काठीनं बडवू नका. कोवळ्या फांद्या तुटतात, आणि पुढच्या वर्षीचं फळ त्याच फांद्यांवर यायचं असतं.

पानं, काड्या काढा. हिरव्या रंगासाठी मूठभर पानं राहू देणारे आहेत. रंगावरून काही ठरत नाही. चाखणारे निळ्या काचेचा प्याला वापरतात तो रंग दिसू नये म्हणूनच.

घसा चरचरला म्हणून तेल खराब म्हणू नका. ती ओलिओकॅन्थल या ऑलिव्ह तेलातल्या नैसर्गिक द्रव्याची खूण आहे, ताज्या तेलात ती हवीच.

गढूळ तेल 'अस्सल' म्हणून तसंच ठेवू नका. त्यात फळाचं पाणी आणि गर असतो, तो तळाला बसून आंबतो. लगेच फिल्टर करा, नाहीतर काही आठवड्यांत वरचं तेल काढून घ्या.

साठवण स्टीलच्या डब्यात, अंधारात, 14 ते 18 अंशांवर. डबा अर्धा झाला की तेल छोट्या, गडद बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून टाका.