जुन्या पेटाऱ्याचा ह्युमिडॉर: कोकणच्या हवेत सिगार कशी सांभाळावी

माझा आतेभाऊ जहाजावर असतो. सुट्टीवर येताना सिगारची एक पेटी हमखास आणतो. पहिली पेटी मी कपाटात तशीच ठेवली. नारळीपौर्णिमेला उघडली, तर प्रत्येक सिगारवर हिरवट लव आलेली, आणि हातात घ्यावी तर भिजलेल्या वातीसारखी लिबलिबीत. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. त्यानंतर ह्युमिडॉर, म्हणजे सिगारसाठी ठरावीक ओलावा राखणारी पेटी, करायला माळ्यावरचा आजीचा फणसाचा पेटारा खाली काढला.

सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. त्याहून कोरडी झाली की पान तडकतं, 75च्या वर गेली की बुरशी धरते. ह्युमिडॉरबद्दलचा बहुतेक सल्ला पेटीत ओलावा कसा द्यावा एवढाच असतो. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या हवेतच 85-90 टक्के आर्द्रता असते. तेव्हा इथल्या ह्युमिडॉरने आधी ओल बाहेर ठेवायला हवी, आणि ते सगळं झाकणावर अवलंबून आहे.

पेटारा लहान निवडा. 18 इंच लांब, 12 इंच रुंद पुष्कळ झाला. मोठ्या पेटाऱ्यातली हवा आवरत नाही. आत डोकं घालून वास घ्या. डांबरगोळ्यांचा किंवा रॉकेलचा वास मुरलेला असेल तर तो पेटारा सोडून द्या. तंबाखू वास ओढून घेते आणि तो पुन्हा निघत नाही. भुंग्याने पोखरलेलं लाकूडही नको. पेटारा धडधाकट असेल तर आतला जुना रंग, मेण, काळपट थर पॉलिश पेपरने कोऱ्या लाकडापर्यंत घासून काढा आणि चार-पाच दिवस कडक ऊन दाखवा.

हे सगळं दिवाळीनंतर, शिमग्याच्या आत उरका. पावसात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेलं झाकण हिवाळ्यात फट दाखवतं.

आतले सांधे बुजवायला लाकडाचा बारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरा. कुलपाचं भोक आणि कडी-कोयंड्याच्या खिळ्यांची भोकंही विसरू नका, ओल तिथूनच शिरते. मग पेटारा दोन आठवडे उघडा ठेवा, गोंदाचा वास पूर्ण जाऊ द्या.

आता अस्तर. यासाठी स्पॅनिश सिडरच्या 6 मिलिमीटर जाडीच्या फळ्या वापरतात. नावात सिडर असलं तरी हे झाड देवदाराचं नातलग नाही, ते कडुनिंबाच्या कुळातलं आहे. त्याच कुळातलं आपल्याकडचं तून; त्याच्या लाकडाच्या सिगारपेट्या पूर्वी बनत असत. देवदार मात्र वापरू नका, त्याच्या राळेचा उग्र वास सिगारला लागतो. फळ्यांना पॉलिश किंवा तेल काहीही लावायचं नाही. त्या गोंदाने चिकटवायच्याही नाहीत, एकमेकींच्या दाबावर उभ्या करायच्या. कोपऱ्यात मिलिमीटरभर जागा सोडा, लाकूड ओल पिऊन फुगतं.

खरी मेख पुढे आहे. चारही बाजूंच्या फळ्या पेटाऱ्याच्या काठापेक्षा 6 मिलिमीटर वर ठेवा. झाकण मिटलं की हा लाकडी ओठ झाकणाच्या आत शिरतो आणि जुन्या, वाकलेल्या काठातली फट झाकली जाते. माझ्या सुताराने तो ओठ बाहेरच्या अंगाने रंध्याचा एकच हलका हात मारून तिरका केला. आता झाकण सोडलं की मधली हवा निसटत ते हळूहळू खाली बसतं. तपासायला रात्री दिवे मालवून पेटलेली टॉर्च आत ठेवा. उजेडाची रेघ दिसली तर तिथे अजून काम आहे.

हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या यंत्रावर, आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात खडेमीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. हे झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत घालून दिवसभर ठेवा. मिठाभोवतीची हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. काटा 71 दाखवत असेल तर तुमचं यंत्र 4ने कमी सांगतं, तेवढे मिळवून वाचा.

मग आत वाटीभर डिस्टिल्ड पाणी ठेवून आठवडा-दोन आठवडे झाकण बंद ठेवा. कोरं अस्तर आधी स्वतः ओलावा पितं. लगेच सिगार ठेवल्या तर त्यांचाच ओढून घेतं. काटा 65च्या पुढे स्थिरावला की वाटी काढा.

नंतर ओलावा देणाऱ्या आणि शोषणाऱ्या, अशा दुहेरी पुड्या ठेवा. आपल्या उष्ण हवेत 65 टक्क्यांच्या बऱ्या. 25 सिगार मावतील तेवढ्या जागेला 60 ग्रॅमची एक. साधं सिलिका जेल एकटं वापरू नका, ते सिगार पार वाळवून टाकतं.

तंबाखूतल्या किड्याची अंडी 24-25 अंशांच्या वर फुटतात आणि आपलं घर बाराही महिने त्याच्या आसपास असतं. म्हणून नव्या सिगार आधी तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, आणि मगच पेटाऱ्यात. आपल्या फ्रीजरमध्ये बांगडा-सुरमई असतेच, तेव्हा झिपच्या दुहेरी पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पेटारा माजघरात, जमिनीपासून वर, चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. सुकटीच्या डब्याजवळ तर मुळीच नको. घरात मुलं असतील तर कुलूप लावा.

आषाढ-श्रावणात झाकण आठवड्यातून एकदाच उघडा, तेही पाऊस थांबलेला असताना. त्याच वेळी पुडी चाचपून बघा. फुगून पाण्यासारखी पातळ झाली असेल तर ती आणखी ओल शोषणार नाही. नवी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काटा वाचा.