चिखलदऱ्याचा घाट सायकलवर कसा चढावा

परतवाड्याहून चिखलदरा साधारण 30 किलोमीटर. धामणगाव गढीपर्यंत संत्र्याच्या बागा आणि बरा रस्ता, पुढे गाविलगडचे डोंगर. परतवाडा चारशे मीटरच्या आत आहे, चिखलदरा अकराशेच्या वर, आणि या चढातला बहुतेक भाग धामणगावानंतरच येतो. नोव्हेंबर ते जानेवारीत जा, उजाडल्यावरच निघा. मेळघाटातल्या रस्त्यावर अंधारात जनावरं असतात. पंक्चरचं सामान आणि दोन बाटल्या पाणी घ्या, एका बाटलीत मीठ-साखर घाला.

आता खरी गोष्ट, घाटातली पहिली वीस मिनिटं. बहुतेकांची चढाई इथेच बिघडते. माझीही बिघडली होती. सकाळची थंड हवा, ताजे पाय, पुढे दोन सायकलवाले दिसले. त्यांना गाठलं, मागेही टाकलं. अर्ध्या तासात दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि उरलेला बराच घाट मी सायकल ढकलत चढलो. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: चढ सुरू होतो तिथे सगळ्यात हलका गिअर टाकायचा आणि सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोरात पॅडल मारायचं. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, की वेग कमी करा. पुढे कोणी निघून गेलं तर जाऊ द्या. वळण तीव्र असेल तर मागची गाडी बघून जरा बाहेरून घ्या, आतल्या बाजूला चढ जास्त खडा असतो.

‘पायात ताकद असली की झालं’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. माझ्या सायकलला पुढे, पॅडलजवळच्या चकतीला, 34 दात आणि मागे सगळ्यात मोठी चकती 28 दातांची होती. ताशी साडेसात किलोमीटरने चढताना मिनिटाला पॅडलचे जेमतेम 50 फेरे पडायचे, प्रत्येक फेरा गुडघ्यावर यायचा. मागे 34 ची चकती बसवली, तर त्याच वेगाला 60 फेरे पडू लागले. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखायचे थांबले. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथेच घाला, हलक्या फ्रेमवर नाही. उभं राहून चढायची सवयही सोडा. पाठ मोकळी करायला दहा-पंधरा फेरे उभं राहा, मग परत सीटवर बसा.

खाणं भूक लागण्याआधी, दर पाऊण तासाला. केळं, शेंगदाण्याची चिक्की, गूळ, जे पचतं तेच. नवीन काही घाटात खाऊन बघू नका.

मोथ्यात थांबा. गवळ्यांचं गाव आहे, दूध आणि खवा चांगला मिळतो. तिथून चिखलदरा जवळच.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाच्या आधी दाबा, वळणात सोडा. वर पोचल्यावर ब्रेकचे रबर एकदा पाहून घ्या, आणि ते झिजलेले दिसले तर सायकल जीपच्या टपावर टाकून खाली आणा.