परदेशी चलनातील धनादेश खात्यात जमा करताना

परदेशातून आलेला धनादेश नेहमीच्या धनादेशासारखा पेटीत टाकून चालत नाही. तो ज्या बँकेवर काढलेला असतो, ती आपल्या देशाच्या समाशोधन व्यवस्थेत, म्हणजे बँकांनी एकमेकांचे धनादेश वटवण्याच्या व्यवस्थेत, नसल्यामुळे पैसे वसूल करण्यासाठी आपल्या बँकेला परदेशातील मध्यस्थ बँकेची मदत घ्यावी लागते. काही बँकांनी हे काम बंदच केले आहे, त्यामुळे आधी शाखेत चौकशी करावी.

जाण्यापूर्वी धनादेश नीट वाचावा. अमेरिकी धनादेशावर महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात; म्हणजे ०३/०४ ही तारीख ४ मार्च होय. सहा महिन्यांहून जुना सर्वसाधारण धनादेश वटवण्याचे बंधन तेथील बँकेवर नसते, अमेरिकी सरकारी खजिन्याचा धनादेश मात्र वर्षभर चालतो. नाव खात्यावरील नावाशी जुळते का, अक्षरी आणि अंकी रक्कम एकच आहे का, हेही पाहावे. मागील बाजूस सहीसाठी आखलेल्या पट्टीतच सही करावी, कारण खालची जागा बँकांच्या शिक्क्यांसाठी राखलेली असते. दोन्ही बाजूंची छायाप्रत आणि भरणा पावती जपून ठेवावी. मूळ कागद वाटेत गहाळ झाला, तर त्यांचाच आधार उरतो.

शाखेत विचारण्याचा खरा प्रश्न असा, की धनादेश वसुलीसाठी पाठवला जाणार की रक्कम लगेच जमा होणार. वसुलीत धनादेश काढणाऱ्या बँकेने पैसे दिल्यावरच खात्यात रक्कम येते. त्याला कित्येक आठवडे लागू शकतात, पण निकाल स्पष्ट असतो. लगेच जमा झालेली रक्कम मात्र तात्पुरती असते, आणि धनादेश न वटता परत आला तर ती शुल्कासह वजा होते. त्या काळात विनिमय दर बदलला असेल, तर फरकही बहुधा खातेदारालाच सोसावा लागतो. म्हणून रक्कम मोठी किंवा देणारा अनोळखी असेल, तर वसुलीचाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे. ‘चुकून जास्त रकमेचा धनादेश गेला, फरक परत पाठवा’ अशी विनंती आली, तर ती फसवणूकच समजावी, कारण आपण पाठवलेले पैसे खरे असतात आणि खात्यात दिसणारे अजून पक्के झालेले नसतात.

आपल्या बँकेचे शुल्क, मध्यस्थ बँकेची कपात आणि टपालखर्च यांखेरीज चलन बदलतानाच्या दरातही बँकेचा नफा धरलेला असतो. लहान रकमेच्या धनादेशात त्यामुळे फारसे काही हाती लागत नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याला आपले नाव, खाते क्रमांक आणि बँकेचा ८ किंवा ११ अक्षरांचा स्विफ्ट संकेतांक (परदेशी व्यवहारांत बँक ओळखण्याची खूण) कळवून पैसे थेट खात्यात मागवावेत. ते जमा झाल्यावर हातातला धनादेश रद्द करून तसे त्याला कळवावे.